इंजिन ०.०० दाखवत होतं, मग हरलो कसा?

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. वय बेचाळीस, नोकरी सांभाळून वर्षाला बुद्धिबळाच्या चार-पाच स्पर्धा, रेटिंग १४७०च्या आसपास. नेरूळला शाळेच्या हॉलमध्ये झालेल्या स्पर्धेत चौथ्या फेरीला काळी मोहरी होती, समोर डोंबिवलीचे एक निवृत्त काका. वेळ नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीला तीस सेकंदांची भर. प्रश्न विचारणारे डाव ६५ चालींत हरले. घरी येऊन इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामला, लावला तर ५७व्या चालीपर्यंत ०.००, म्हणजे बरोबरी. विचारतात, "ओपनिंगमध्येच एक प्यादं गेलं, तिथेच सगळं बिघडलं ना? टू नाइट्स सोडून दुसरं काहीतरी धरू का?" (टू नाइट्स ही डावाच्या सुरुवातीची, म्हणजे ओपनिंगची, एक पद्धत.) सोबत स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहायच्या कागदाचा, फोटो. सुवाच्य अक्षर आणि दर चार-पाच चालींनी घड्याळातली वेळही लिहिलेली. यासाठी आधी शाबासकी, कारण माझं निम्मं उत्तर त्या वेळेच्या आकड्यांतच आहे.

डाव दोनदा पटावर मांडून पाहिला. ओपनिंग बदलू नका.

तुमच्या पहिल्या सात चाली अशा: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, ई प्याद्याने डी५ मारलं तेव्हा तुमचा घोडा ए५ला, उंट बी५ शह, मध्ये सी६, मग सी६वर मारामारी. हिशेब केला तर पांढऱ्याकडे सात प्यादी आणि तुमच्याकडे सहा. पण हे प्यादं 'गेलेलं' नाही, 'दिलेलं' आहे. सोळाव्या शतकातल्या पोलेरियो नावाच्या इटालियन खेळाडूशी ही पद्धत जोडली जाते आणि आजही मोठे खेळाडू ती खेळतात. त्या प्याद्याच्या बदल्यात पांढऱ्याचा उंट मागे पळतो, एच६ करून घोडा हाकलता येतो, ई४ करून तोच घोडा पुन्हा हाकलता येतो, आणि तोवर तुमची मोहरी बाहेर येऊन बसतात. काकांचे तीन-चार टेंपो, म्हणजे चाली, असे वाया गेले. १३व्या चालीला मला कोणी बाजू निवडायला सांगितली असती तर मी काळी घेतली असती.

खरी चूक १९व्या चालीची. तुम्ही वजिराला वजीर मारून घेतलात, म्हणजे अदलाबदल केलीत, आणि शेजारी पेन्सिलीने 'सोपं केलं' असं लिहिलंय. ते वाचून हसू आलं, कारण मीही कित्येक वर्षं असंच 'सोपं' करत आलो. प्यादं देऊन जोर घेतलाय तो पटावर मोहरी आहेत तोवरच. वजीर गेला की जोरही गेला. मागे उरतं ते नुसतं कमी असलेलं प्यादं. प्याद्याने मागे असाल तर प्यादी मारामारीत घालवा, मोहरी ठेवा. पुढे असाल तर उलट. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. पण पाचेक मिनिटं काका नुसते पटाकडे बघत बसले आणि तुम्हाला वाटलं, त्यांना काहीतरी दिसलंय. घाबरून माणूस वजीर देऊन टाकतो. क्लबात आठवड्याला एक तरी असा डाव दिसतो.

तरीही हरण्याएवढं काही झालेलं नव्हतं. ३३व्या चालीला एकेक हत्ती, राजाच्या बाजूला त्यांची तीन प्यादी आणि तुमची दोन. एकाच बाजूला तीन विरुद्ध दोन आणि हत्ती असले की नीट खेळल्यावर बहुतेक बरोबरी सुटते, आणि तिथून पुढे वीस चाली तुम्ही नीटच खेळलात. प्यादी मारली गेली, त्यांचं एफ पट्टीवरचं, म्हणजे एफच्या उभ्या रांगेतलं, प्यादं मारामारीत ई पट्टीवर आलं, आणि शेवटी उरलं एकच. आता पट मांडा. इथून पुढचं वाचून उपयोग नाही, मोहरी हातात हवीत.

पांढरा: राजा डी५, हत्ती ए७, प्यादं ई५. काळा: राजा ई८, हत्ती एच१. चाल काळ्याची.

फ्रान्सचा फिलिडोर, जो ऑपेरांना संगीत देऊन पोट भरायचा आणि फावल्या वेळात युरोपातला सगळ्यात तगडा बुद्धिबळपटू होता, त्याने १७७७ साली या स्थितीवरचा उतारा, म्हणजे तोडगा, छापला. हत्ती एच६. बस. सहाव्या रांगेवर बसायचं आणि हलायचं नाही. हलावंच लागलं तर त्याच रांगेवर जी६, एच६ करत राहायचं. पांढऱ्या राजाला पुढे यायला सहावीच रांग हवी आणि तिथे तुमचा हत्ती पहारा देतोय. काका हत्ती ए७वरून सी७ला आणि मग सी६ला आणून अदलाबदल मागतील, तर खुशाल करा: ते राजाने सी६ घेतील, तुम्ही राजा ई७, ते डी५, तुम्ही डी७. समोरासमोर उभे राहिलात की एकटं प्यादं पुढे सरकत नाही.

मग पांढऱ्याकडे एकच उपाय राहतो, प्यादं ई६ला ढकलणं. ते ढकललं त्याच चालीला तुमचा हत्ती खाली एच१ला. का ते पाहा. राजाला मागून येणाऱ्या शहांपासून लपायला ई६ हेच घर होतं, प्याद्याच्या पुढचं. आता तिथे प्यादं स्वतःच जाऊन बसलं. राजा डी६ला आला की हत्ती डी१ शह, ई५ला गेला की ई१ शह, एफ६ला गेला की एफ१ शह. पावसात छत्री दुसऱ्याला देऊन निघालेल्या माणसासारखी त्या राजाची गत होते. पण क्रम महत्त्वाचा: प्यादं ई५वर असताना खाली जाऊन शह द्यायची घाई नको, आणि ई६ला आल्यावर सहाव्या रांगेवर एक चालही रेंगाळायचं नाही. रेंगाळलात तर राजा डी६ला येतो आणि ए८वर मात दिसू लागते.

तुम्ही ५७व्या चालीला हत्ती एच१वरून ई१ला नेलात, प्याद्याच्या मागे. आता गंमत बघा. इंजिन या चालीलाही ०.०० देतं, आणि ते बरोबर आहे. या चालीने डाव हरत नाही. म्हणून तर तुम्ही गोंधळलात. हत्ती एच६ आणि हत्ती ई१, दोघांपुढे एकच शून्य. पण एच६ नंतर बरोबरी सांभाळायला काही ठरवावं लागत नाही, मागेपुढे हलत राहायचं. ई१ नंतर लागोपाठ तीन अचूक चाली सापडाव्या लागतात, आणि त्यातली पहिलीच डोळ्याला चुकीची वाटते. इंजिनला दोन्ही सारखंच, कारण त्याला सापडायचा प्रश्नच नाही.

५८व्या चालीला राजा ई६ला आला, ए८वर मात मागतोय. तुमच्या राजाला दोन घरं: डी८ आणि एफ८. तुम्ही डी८ घेतलंत, आणि कारणही लिहिलंय: "एफ८ला गेलो तर कोपऱ्यात अडकेन असं वाटलं, डी८कडे मोकळं होतं." या वाक्यासाठीच मी इतकं लांब लिहायला बसलो, कारण मोकळं वाटणं हेच या स्थितीतलं जाळं आहे.

ई प्याद्याच्या एका बाजूला एफ, जी, एच या तीन पट्ट्या. दुसऱ्या बाजूला ए, बी, सी, डी या चार. आडवे शह देण्यासाठी हत्तीला लांबून उभं राहावं लागतं, म्हणजे मोठी बाजू हत्तीला हवी. राजाने मोठ्या बाजूला जाऊन ती अडवली तर हत्तीला छोट्या बाजूला कडेला, राजाच्या हाताशी उभं राहावं लागतं. वन रूम किचनमध्ये पाहुणे आले की घरातली माणसं स्वयंपाकघरात दाटीवाटीने बसतात आणि बाहेरची खोली पाहुण्यांना देतात, तसं. राजाने कोंदट बाजू घ्यायची.

तुमच्या डावात झालं असं. राजा डी८, हत्ती ए८ शह, राजा सी७, हत्ती ई८. काकांची ही चाल सुंदर: प्याद्याच्या पुढे, म्हणजे वरून, पहारा आणि राजाला मोकळीक. राजा घाईने ई७ला नेला असता तर तुम्ही ई५ शहाने मारून बरोबरीत सुटला असता. ते त्यांनी टाळलं. तुम्ही हत्ती एच१, आडव्या शहांच्या तयारीने. ते राजा एफ७. तुम्ही हत्ती एच७ शह. ते राजा जी६. आणि तुमचा हत्ती मरतोय. तो पळाला की राजा परत एफ६ला, प्यादं ई६, आणि पुढे रस्ता साफ. हत्ती आणखी एक पट्टी लांब असता तर राजाचा हात त्याच्यापर्यंत पोचला नसता. पण एचच्या पलीकडे पट संपतो.

आता तेच आरशात बघा. राजा एफ८! हत्ती ए८ शह, राजा जी७, हत्ती ई८, आणि आता तुमचा हत्ती ए१ला. राजा डी७ला आला, तुम्ही ए७ शह. राजा सी६ला येऊन हत्तीला धमकावू पाहतो, पण सी६वरून ए७ हाताशी नाही, बी७ मध्ये आहे. तेवढ्यात तुमचा राजा एफ७ला येऊन त्यांच्या ई८वरच्या हत्तीलाच विचारतो, तू इथे काय करतोस? हत्ती उठला की तुमचा राजा ई६ला येऊन प्यादं अडवून बसतो. एका पट्टीचा फरक, आणि त्यावर अर्धा गुण.

आता घड्याळ. ५७व्या चालीपाशी तुम्ही १४:१० लिहिलंय, ५८व्या चालीनंतर १४:२२. म्हणजे डी८ आणि एफ८ यांतलं एक निवडायला तुम्ही अठरा सेकंद घेतलीत आणि घड्याळात बारा सेकंद वाढले! काकांकडे तेव्हा जेमतेम सहा मिनिटं होती. तुमच्या स्कोअरशीटवर सगळ्यात जास्त वेळ कुठे गेलाय पाहिलंत का? ८व्या आणि ९व्या चालीवर मिळून बावीस मिनिटं, ज्या चाली तुम्हाला पाठ असायला हव्यात. तीस सेकंदांचं इन्क्रिमेंट, म्हणजे दर चालीची भर, ही मोठी फसवी गोष्ट आहे. वेळ मिळतोय म्हणून आपण त्या तीस सेकंदांतच विचार उरकतो आणि खालची चौदा मिनिटं तशीच पडून राहतात. एंडगेममध्ये मोहरी कमी म्हणून चाल लवकर सुचते. पण मोहरी कमी असतात तेव्हा चुकीचा दंडही लगेच बसतो, सावरायला दुसरं मोहरं उरलेलं नसतं.

ही चूक फक्त आपल्यासारख्यांची आहे असं समजू नका. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरमध्ये गुकेश आणि डिंग लिरेनचा जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव आठवा. डिंगकडे एक प्यादं कमी, पण स्थिती बरोबरीत सुटण्याजोगी, दोघांकडे हत्ती आणि उंट. ५५व्या चालीला त्याने हत्ती एफ२ला नेला, म्हणजे हत्तींची अदलाबदल मागितली. त्याचा उंट कोपऱ्यात असल्याने गुकेशने हत्तीपाठोपाठ उंटही मारामारीत काढून घेतला, मागे उरली नुसती प्यादी, आणि त्यात जगज्जेतेपद गेलं. डिंगलाही ते 'सोपं केलं'सारखंच वाटलं असेल का, मला नेहमी प्रश्न पडतो.

माझंही सांगून टाकतो. नव्वदच्या दशकात, दादरच्या एका स्पर्धेत, माझ्याकडे हत्ती आणि समोर हत्ती अधिक सी पट्टीचं प्यादं. मला कुणीतरी सांगितलेलं की हत्ती आठव्या रांगेवर ठेवून गप्प बसायचं, बरोबरी होते. मी बसलो, आणि हरलो. नंतर क्लबातल्या एका बुजुर्गांनी सांगितलं की ते गप्प बसणं कडेच्या आणि त्याच्या शेजारच्या पट्टीवरच्या प्याद्यापुरतंच चालतं: ए, बी, जी, एच. सी ते एफपर्यंतच्या प्याद्याला ते पुरत नाही. अर्धवट ऐकलेला उतारा माहीत नसलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर आपण विचारही करत नाही. ठाण्यापर्यंत उभ्याने आलो. सीट मिळत होती, पण बसावंसं वाटत नव्हतं.

रेटिंगबद्दल एक. तुम्ही लिहिलंय की काका १४३० आणि तुम्ही १४७०, "म्हणजे जिंकायलाच हवं होतं". मार्च २०२४मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने रेटिंगचा तळ १०००वरून १४०० केला आणि २०००च्या खालच्या सगळ्यांचे आकडे वर ओढले. त्यामुळे १४००-१५००च्या पट्ट्यात सध्या सगळ्या तऱ्हेची माणसं भेटतात. पहिल्या दहा चालींत घोडा देणारा पोरगाही तिथेच आणि चाळीस वर्षं क्लबात हत्तीचे एंडगेम कोळून प्यालेले काकाही तिथेच. तुम्हाला दुसरे भेटले.

मग करायचं काय? ओपनिंगच्या व्हिडिओंना दोन महिने सुट्टी द्या. वर दिलेली स्थिती पटावर मांडा, मोबाइलवर नको, लाकडी पटावर, आणि घरातल्या कुणाला तरी पांढरी मोहरी द्या. मुलगा आठवीत आहे असं लिहिलंय, त्याला द्या. हरवायचा प्रयत्न तो जीव तोडून करेल. हत्ती एच६ची पद्धत वीस वेळा सांभाळा. मग मुद्दाम हत्ती ई१ला ठेवून राजा एफ८ची पद्धत वीस वेळा. मग बाजू बदला आणि तुम्ही पांढरे घेऊन मुलाला डी८ला जायला लावा, म्हणजे काकांनी काय केलं ते हाताला कळेल. हे झालं की पूल बांधायचा उतारा शिका: पांढरा राजा डी८, प्यादं डी७, हत्ती ई१, काळा राजा एफ७, हत्ती सी२. हत्ती एफ१ शह, राजा जी७, हत्ती एफ४, आणि तो चौथ्या रांगेवरचा हत्ती शेवटी डी४ला येऊन राजाला शहापासून वाचवतो. याला लुसेना या जुन्या स्पॅनिश बुद्धिबळ लेखकाचं नाव आहे, पण त्याच्या छापील पानांत ही स्थिती सापडत नाही. ती १६३४ साली साल्वियो या इटालियन लेखकाने दिली. मुलाला हे सांगा, मुलांना असल्या गोष्टी लक्षात राहतात आणि त्यासोबत चालीही.

दुसरं, स्कोअरशीटवर वेळ लिहिता ते चालूच ठेवा, फक्त प्रत्येक चालीला लिहा. तीस सेकंदांची भर असलेल्या डावात शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, पाच मिनिटं उरली म्हणून सुटका नाही. तर त्याचा फायदा करून घ्या. एखादी मोहऱ्यांची अदलाबदल करायच्या आधी, आणि राजाला दोनच घरं असतील तेव्हा, पेन खाली ठेवून निदान तीन मिनिटं नुसतं बसा. घशाला कोरड पडली तर पाणी प्या. चाल सुचली असेल तरी बसा.

आणि एक राहिलं. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की हात मिळवल्यावर काका म्हणाले, "एफ८ला का नाही आलात?" आणि तुम्हाला वाटलं की ते उगाच बोलायचं म्हणून बोलले, म्हणून तुम्ही "हो ना" म्हणून निघून आलात, कारण ठाण्याची गाडी होती. अहो, ट्रान्स हार्बरला दुसरी गाडी येते. पटावर मोहरी होती, समोर उत्तर माहीत असलेला माणूस बसलेला होता आणि तो स्वतःहून बोलत होता. पुढच्या स्पर्धेत ते दिसतीलच, ही मंडळी स्पर्धा चुकवत नाहीत. फेरी संपली की चहा तुमच्याकडून, आणि १९व्या चालीपासून डाव त्यांच्यासमोर पुन्हा मांडा. वजीर मारताना ती पाच मिनिटं त्यांना नक्की काय दिसत होतं, ते मलाही कळवा.